दोन रविवार

मुलुंड (पूर्व)
१८ जानेवारी १९८७

दादा,

काल दहिसरला येते म्हणाले होते आणि आले नाही. वहिनीने तिळाच्या वड्या करून ठेवल्या असतील आणि आता माझ्या नावाने बोटं मोडत असेल. तिला सांग, मी सिनेमाला गेले नव्हते. घाटकोपरला शाळेत गेले होते. या वयात.

झालंय असं, की तिथल्या एका शाळेच्या वर्गात दर शनिवारी दुपारी तीन ते सहा एक शिक्षणवर्ग चालतो. मनाने खचलेल्या माणसाला आधार कसा द्यायचा, ते शिकवतात. डॉक्टर नव्हे, तुझ्यामाझ्यासारखी साधी माणसं आहेत. बारा शनिवार झाले आणि आपण बरे निघालो, तर आठवड्यातून दोन तास त्यांच्या केंद्रावर बसायचं. कुणी बोलायला आलं तर ऐकायचं. एवढंच.

कशाला गेले, ते फक्त तुला सांगते. दवाखान्यात मी केसपेपर लिहिते, तिथे दिवाळीच्या आधी एक बाई आली. नाव, वय, पत्ता सांगितला आणि मग हळूच म्हणाली, "बाई, मला जगावंसं वाटत नाही." मागे चाळीस माणसांची रांग. मी म्हटलं, "सगळं ठीक होईल हो, पुढे सरका." ती सरकली. पुन्हा आली नाही. मला तिचं नावसुद्धा आठवत नाही, आणि ते मीच लिहिलं होतं.

वर्गाला नलिनीताई शिकवतात. सल्ला द्यायचा नाही म्हणतात. "ठीक होईल" म्हणायचं नाही. "का" विचारायचं नाही, "का" म्हटलं की समोरचा आरोपी होतो. त्याचं बोलणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे आपण ऐकलं हे त्याला कळतं. तो गप्प बसला तर आपणही गप्प. काल माझ्या जोडीला अंबादास म्हणून बेस्टचे कंडक्टर होते. मी सासूबाईंचं गाऱ्हाणं दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी "मग पुढे?" असं विचारायचं होतं. सवयीने म्हणाले, "पुढे चला, पुढे चला!" अख्खा वर्ग हसला.

घरी सराव करायला सांगितलाय. इथे मला कोण उभं करतंय? हे म्हणतात, आधी माझं ऐकायला शीक. तुझ्या पाहण्यात कुणी असेल तर कळव.

वनमाला

*

चारकोप, इस्टेटची गेट-केबिन
२७ जानेवारी

चि. वनमाला,

ऐकायला शिकण्यासाठी बारा शनिवार! आई हाका मारून घसा फोडायची तेव्हाच शिकली असतीस तर तिचा घसा तरी वाचला असता. तुझी वहिनी म्हणते, वनमालाला पोर सांभाळून, नोकरी करून वर लोकांची रडगाणी ऐकायला वेळ आहे, पण हळदीकुंकवाला नाही. हे तिचे शब्द. मी फक्त परत सांगितले. बरोबर ना?

चेष्टा पुरे. ही वॉचमनची नोकरी धरण्याआधी मी गिरणीत साचेखात्यात वीस वर्षं काढली. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात तिथे शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही. आम्ही ओठ बघून बोलायचो. त्यामुळे माणसाचं तोंड मला वाचता येतं. हल्ली एक तोंड मी वाचतोय, आणि मला ते बरं दिसत नाही.

गिरणीतलाच माणूस आहे. संपात नोकरी गेली ती गेलीच. आता मिळेल ते काम करतो. मी रविवारी त्याच्याकडे जाऊन बसतो. घरी सांगतो, ओव्हरटाइम आहे. त्याला झोप नाही, जेवणावर वासना नाही. नाव विचारू नकोस. त्याने रवळनाथाची आण घातली आहे, की हे कुणाच्या कानावर जाता कामा नये. तुला लिहितोय तेही नाव न घेता, म्हणजे आण अर्धीच मोडली असं मी माझ्या मनाशी धरतो. देवाला काय वाटतं ते देव जाणे.

अशा माणसाशी काय बोलायचं असतं?

उत्तर ह्याच पत्त्यावर टाक, घरी नको. घरी आलेलं पत्र आधी सुगंधा वाचते, मग आमची शकु, मग अर्धी चाळ, आणि उरलं तर मी.

तुझा दादा,
काशीराम

*

मुलुंड
२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. नलिनीताईंना नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचे भाऊ जाऊन बसतात हेच मोठं आहे, ते चालू ठेवू दे. दर आठवड्याला, ठरल्या वेळी. अशा माणसाला ठरलेली वेळ लागते, खंड पडू द्यायचा नाही.

आणि गिरणीतली, संपातली भाषणं करू नकोस. त्याला बोलू दे. तो म्हणाला झोप नाही, तर "मलाही लागत नाही" म्हणून आपलं पुराण लावायचं नाही. त्याचंच त्याला परत सांग. मग थांब. थांबणं फार कठीण जातं. परवा मी वर्गात थांबले तर मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू आली. माझं म्हणजे बाबांचं. दिवाळीत तू आमच्या बाळाला परीक्षेसाठी दिलंस ना, ते. तो शाळेत नेत नाही, हरवेल म्हणतो, म्हणून मीच घालते.

दादा, तू स्वतः नीट जेवतोस ना? झोपतोस ना? सहज विचारते.

वनमाला

*

चारकोप
१२ फेब्रुवारी

चि. वनमाला,

तुझी विद्या वापरून पाहिली. तो म्हणाला, "झोप येणा नाय." मी म्हटलं, "म्हणजे तुका झोप येणा नाय." तो म्हणाला, "माका म्हायत आसा. मीच सांगितलंय मगाशी." वाट लागली विद्येची. पण मग तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

मग मी गप्प बसलो. तोही गप्प. पुढ्यातला चहा थंड झाला, वर साय धरली. आणि मग तो बोलायला लागला तो दोन तास बोलत होता. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आहे, ती परत यायची नाही म्हणते. बाकीच्यांना त्याने सांगितलंय, की शेतीसाठी गेली आहे. म्हणाला, "आता माझो कोणाक काय उपेग?" मी काही बोललो नाही. तू सांगितलंस म्हणून बोललो नाही, नाहीतर मी शंभर उपयोग सांगितले असते.

एक गोष्ट मला खुपते. शिमग्याला गावी जाणार नाही म्हणतो. मलाही यंदा रजा नाही, मीही जाणार नाही, पण माझं वेगळं. धडधाकट कोकणी माणूस, हातात काम असं-तसंच, आणि शिमगा नको म्हणतो. हे मला झोपेपेक्षा वाईट लक्षण वाटतं. शिवाय आपल्या वस्तू ज्याला त्याला देऊन टाकतोय. रेडिओ दिला, चांगली छत्री दिली. मलाही नवी कोरी चादर देत होता, मी घेतली नाही.

आता नीट उत्तर दे. त्याला सरळ विचारू का, की बाबा रे, जिवाचं काही बरंवाईट करायचं डोक्यात आहे का तुझ्या? की विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल? मला भीती वाटते. तुझ्या नलिनीताईंना विचार आणि लगेच कळव. कळल्याशिवाय मी विचारणार नाही.

काशीराम

*

मुलुंड
१६ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र वाचून झालं की लपवून ठेव. दादाला दाखवू नकोस, शकुलाही नको. घाबरू नकोस, पण पुरतं वाच.

दादा मला चारकोपहून पत्रं लिहितो. त्यात एका माणसाबद्दल लिहितो. गिरणीतला, झोप नाही, जेवण नाही, कुणाला उपयोग नाही म्हणतो, शिमग्याला जाणार नाही म्हणतो. नाव सांगत नाही. उत्तर घरी टाकू नको म्हणतो. परवा शनिवारी वर्गात नलिनीताईंनी सांगितलं, की माणसाला स्वतःचं सांगायची लाज वाटते तेव्हा तो "माझा एक मित्र आहे" अशी सुरुवात करतो. ते ऐकलं आणि मला दादाची पत्रं आठवली. तो माणूस आपल्या वस्तू देऊन टाकतो, असं दादाने लिहिलंय. वहिनी, बाबांचं घड्याळ दिवाळीत कुणी दिलं? दादानेच ना? आणि यंदा रजा नाही म्हणून शिमगा नाही म्हणतो. आजवर त्याने कधी रजेची वाट पाहिली आहे?

वहिनी, तो माणूस दादाच आहे.

त्याला एकटं सोडू नकोस. रविवारी तो ओव्हरटाइमला जात नाही, कुठेतरी भटकतो. जाऊ देऊ नकोस. दाढीचं पातं, रॉकेल, उंदराचं औषध नजरेआड कर. आणि आपल्याला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस, तो आणखी मिटेल.

त्याच्या शेवटच्या पत्राचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. त्याने विचारलंय, असं सरळ विचारावं का. ताई म्हणतात, विचारावं, विचारल्याने कुणाच्या डोक्यात भरत नाही. पण तो स्वतःबद्दलच विचारतोय, त्याला मी पत्रात काय लिहू? परीक्षा आटोपली की बाळाला घेऊन येते आणि समोर बसून विचारते. तोवर तू सांभाळ.

तुझी,
वनमाला

*

दहिसर
२६ फेब्रुवारी

वनमाला,

तुझं पत्र वाचलं. भात करपला, तरी मी तशीच बसून. एका घरात राहून मला कळलं नाही आणि तुला मुलुंडात बसून कळलं. मी कसली बायको?

आता ऐक. पातं मी लपवलं. ह्यांनी घर उलटंपालटं केलं. चार दिवस दाढी वाढवून ड्यूटीवर गेले, तिथल्या साहेबाने विचारलं, कोण गेलं काय घरात? मग मी शेजारच्या धाकूकडून न्हावी बोलावून आणला नि माझ्या डोळ्यांसमोर दाढी करवली. संध्याकाळी सहाला शकु गेटवर जाते आणि बापाला घेऊन येते. हे तिच्यावर ओरडतात, मी काय बालवाडीत आहे काय? ती म्हणते, आईने सांगितलंय.

गेल्या रविवारी कपडे घालून निघाले. म्हटलं, कुठे? ओव्हरटाइम. म्हटलं, जायचं नाही. मग म्हणतात, गुणाकडे जातो साकीनाक्याला. माझ्या भावाचं नाव घेतलं की मी सोडीन असं वाटलं असेल. मी लगेच पदर खोचला, म्हटलं, चला, मीही येते, किती दिवसांत बघितला नाही त्याला. तर बसले खाली तोंड पाडून. बघ म्हणजे! गुणाचं नुसतं नाव, जायचं भलतीकडेच होतं. तुझं शिक्षण खरं आहे गं वनमाला.

घरात एक पुरुषमाणूस असता तर बरं झालं असतं. म्हणून गुणालाच कार्ड टाकलंय, सवडीने येऊन जा म्हणून. बायको-पोरं शेतीला गावी गेल्यापासून तो फिरकलेला नाही. दोघांचं पहिल्यापासून जमतं, त्याच्याशी हे मोकळे बोलतील.

तू लवकर ये.

सुगंधा

*

चारकोप
३ मार्च

वनमाला,

तांदळाच्या डब्यात हात घातला आणि तुझं पत्र हाताला लागलं. पातं शोधत होतो. वाचलं.

तो माणूस मी नाही. तो माणूस गुणाजी आहे. तुझ्या वहिनीचा भाऊ. आता मोडली पुरती आण.

आता तरी कळलं, नाव का सांगत नव्हतो? त्याला एकच भीती होती, आपल्या ताईला कळता कामा नये. सुगंधाने त्याला आईसारखा वाढवलाय. बायको सोडून गेली, कामावर मन नाही, जिथे काम करतो त्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर पडून असतो, हे तिला कळलं तर ती खचेल म्हणून. घरी पत्र नको म्हणालो ते ह्यासाठी. आणि घड्याळ? तुझ्या पोराची दहावीची परीक्षा म्हणून दिलं, बाई. मामाने भाच्याला घड्याळ देणं हेसुद्धा आता लक्षण झालं?

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत होतं. तू ते सुगंधाला लिहिलंस. मला नाही. पंधरा तारखेला मी त्याच्यासमोर बसलो होतो, प्रश्न ओठांवर होता, आणि तुझ्या पत्राची वाट पाहत मी तो गिळला. त्यानंतर दोन रविवार मी गेलो नाही. मला घरातून सोडलंच नाही. गुणाजीकडे जातो म्हटलं तर ही बरोबर निघाली. हिला तिथे नेणं म्हणजे आण मोडणं.

मीही शहाणा नाही. मनात म्हटलं, दोन रविवारांनी काय होतंय?

आज सहाला शकु गेटवर येईल, तिला घरी पिटाळतो आणि थेट साकीनाक्याला जातो.

काशीराम

*

(पोस्टकार्ड)

दहिसर
४ मार्च

वनमाला,

गुणाजीने सोमवारी नको ते पोटात घेतलं. गाळ्यातल्या लोकांनी हॉस्पिटलात नेलं. मला काल संध्याकाळी तिथे गेल्यावर कळलं. जिवंत आहे. शुद्ध अधूनमधून येते. सुगंधा तिथेच आहे. तू येऊ नकोस.

काशीराम

*

मुलुंड
५ मार्च

दादा,

तुझं तीन तारखेचं पत्र आत्ता हातात पडलं. कामावरून आलेली तशीच लिहायला बसले आहे.

तू गुणाभाऊंकडे गेला असशील. भेटले ना? त्यांना सरळ विचार, दादा. शब्द चोरायचे नाहीत. "जीव द्यायचा विचार येतो का?" असंच विचार. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट होते. "हो" म्हणाले तर घाबरून विषय बदलू नकोस. त्यांना एकटं सोडू नकोस. आणि वहिनीला सांग. जिवावर बेतलं की आण पाळायची नसते, ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी तुला लिहिलं नाही.

हे सगळं मला चौदा फेब्रुवारीला माहीत होतं. तुझ्या पत्रात प्रश्न होता आणि मी प्रश्न वाचलाच नाही. मी तुला वाचत बसले. मला वाटलं, मला आता ओळींच्या मधलं दिसायला लागलं.

हे पत्र उद्या-परवा मिळेल. तोवर त्यांना काही न होवो.

वनमाला

*

मुलुंड
२२ मार्च

दादा,

तू येऊ नको म्हणालास तरी मी दोनदा येऊन गेले, ते तुला माहीत आहे. दोन्ही वेळा वहिनीने माझ्याकडे पाठ केली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला. दुसऱ्यांदा मी डबा नेला होता. तिने तो शेजारच्या बाईला देऊन टाकला. बरोबर केलं. मी तिच्या जागी असते तर डबा फेकला असता.

वर्गात मी सगळं सांगितलं. नावं गाळून, पण माझं काही गाळलं नाही. मला वाटलं होतं, नलिनीताई म्हणतील, होतं असं शिकताना. त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मित्राच्या नावाने माणसं स्वतःचं सांगतात, हे मी शिकवलं. पण आधी त्या माणसालाच विचारून घ्यावं, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. ते माझ्याकडे. भावाला न विचारता तुम्ही दुसऱ्याला सांगितलंत, ते तुमच्याकडे." बस, एवढंच. केंद्रावर मला इतक्यात बसवणार नाहीत. मीच नको म्हटलं असतं.

सुटल्यावर अंबादास बस स्टॉपपर्यंत आले. म्हणाले, "ताई, चुकीची घंटा मारली की गाडी भलत्याच ठिकाणी थांबते, आणि ज्याला उतरायचं असतं तो पुढे जातो." समजूत घालायला बोलले, पण मला ते सारखं ऐकू येतं.

दादा, मी माफी मागायला येऊ का? की ती माफी मला बरं वाटावं म्हणून असेल? खरंच सांग. मला स्वतःचं काही वाचता येईनासं झालंय.

वनमाला

*

चारकोप
४ एप्रिल

चि. वनमाला,

उत्तराला उशीर झाला. गुणाजीला घरी आणलंय, आमच्याकडे दहिसरला. दर बुधवारी मनाच्या डॉक्टरांकडे नेतो. गोळ्या देतात, बोलतातही. घशाला इजा झाली आहे, आवाज बसलाय. पातळ भात खातो.

गेल्या रविवारी दोघे गॅलरीत बसलो होतो. मी ठरवलं होतं, आज विचारायचंच. ओठांवरून वाचायचं नाही, तोंडाने विचारायचं. म्हटलं, "गुणाजी, अजून जीव देवचा मनात येता?"

तो म्हणाला, "येता. सकाळी येता. मगे चाय पितंय नि जाता."

"आज इला?"

"आज नाय इला."

"इला तर माका सांगशील?"

"तू खय आसतलंस? चारकोपाक."

म्हटलं, तायेक सांग. तर मान खाली घातली. तुझ्या नियमाप्रमाणे नव्हे, मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मीही गप्प.

एकच कोडं मला सुटत नाही. दोन रविवार मी गेलो नाही म्हणून हे झालं, असं मी धरून चाललो होतो. ते मी त्याच्यापुढे कबूलही केलं. तो म्हणाला, "तेच्यासाठी नाय रे. दोन आयतवार मी काढलंय आसतंय." मग कशासाठी, ते सांगत नाही. "तुका तरास नको म्हणान," एवढंच म्हणतो. मला कसला त्रास? हजारदा विचारलं. सुगंधा त्या वेळी तिथे असली तर उठून आत जाते.

मला वाटायचं, तुझ्यावरचा राग संपला की मला बरं वाटेल. राग गेला आणि बरं काही वाटलं नाही. आण घालणारा तो, पाळणारा मी. तुझ्या एकटीच्या माथी सगळं मारून मला झोपता येत नाही.

माफीचं विचारलंस. ते मला ठरवता येत नाही. पण ये. सुगंधा बोलणार नाही कदाचित. बोलली नाही तरी ये.

काशीराम

*

दहिसर
१३ एप्रिल

वनमाला,

ह्यांनी तुला ये म्हणून लिहिलंय, ते मला माहीत आहे. म्हणून आधी मी लिहिते. शकु शाळेत आहे, हे ड्यूटीवर, गुणा झोपलाय.

हॉस्पिटलात मी तुझ्याकडे पाठ केली. तुला वाटलं असेल, रागाने. राग आहे, नाही म्हणत नाही. तू माझ्या नवऱ्याबद्दल असं लिहिलंस आणि मी ते डोळे मिटून खरं मानलं, ह्याचा राग तुझ्यावर आहे आणि माझ्यावरही. पण पाठ केली ती त्यासाठी नाही. मला तोंड दाखवता येत नव्हतं.

एक मार्चला, रविवारी दुपारी, गुणा आमच्याकडे आला होता. माझं कार्ड मिळालं म्हणून आला. हे जेवून झोपले होते. मला वाटलं, उठले तर पुन्हा बाहेर जायचा हट्ट धरतील. म्हणून मी दार अर्धंच उघडलं. गुणा म्हणाला, "भावजी आसत?" मी तोंडावर बोट ठेवलं, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. त्याला सांगितलं, ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही, जिवाचं काही करून घेतील, मी राखण करतेय. त्याने विचारलं, "कधीपासून?" म्हटलं, महिना-दीड महिना झाला. आणि मग मी माझ्या मनाचं एक जोडलं. म्हटलं, रविवारचे कुणाकडे तरी जाऊन बसतात, त्याचं रडगाणं ऐकून ऐकून ह्यांच्या डोक्यात गेलं असेल, मेला कोण आहे तो.

असं म्हटलं मी. माझ्या तोंडाने. त्याला.

तो कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तू जप त्यांका, ताये. मी आता येवचंय नाय तरास देऊक." मला वाटलं, किती समजूतदार माझा भाऊ. एवढ्या उन्हातून आलेला, मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. जिना उतरून गेला. मी आत येऊन कडी लावली आणि ह्यांच्या उशाशी बसले. दुसऱ्या दिवशी सोमवार.

त्याने हे कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांना नाही, ह्यांना नाही. माझ्यासाठी सांगत नाही. मी वाढते, तो खाली मान घालून जेवतो. मला वाटतं, सांग एकदा सगळ्यांसमोर, म्हणजे मी सुटेन. तो सांगत नाही. मला सांगायचा धीर होत नाही. हे त्या दोन रविवारांसाठी स्वतःला दोष देत बसतात, मी बघते, आणि भाजी चिरते.

तुला सांगते, कारण तूही माझ्याएवढीच ह्यात आहेस. दुसऱ्या कुणासमोर हे बोलले तर ती माझी समजूत घालेल. तू घालू नकोस. तुझी चूक नाही वहिनी, असं पत्रात लिहून पाठवू नकोस. उत्तरच लिहू नकोस.

ह्या रविवारी ये, अकराच्या सुमाराला. हे आणि गुणा तेव्हा गॅलरीत असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोल आणि सरळ आत मोरीपाशी ये. मी भांडी घासत असते. नळ चालू असला की बाहेर काही ऐकू जात नाही. तिथे बस, पाट ठेवते.

सुगंधा